खुंटावरची टोपी

६ जानेवारी, सोमवार. अल्लीपूर

सांगणारी मी, पंचफुला. लिहिणारी मयुरी, माझ्या रुपेशची पोरगी. वर्ध्याला घरी अभ्यास होत नाही म्हणून ती माझ्याकडे आली आहे. माझ्याकडेही होत नाही, पण इथे कोणी विचारत नाही. अर्धी कोरी वही पडून होती. म्हणाली, आजी तू बोल, मी रोजचं रोज लिहिते. मला अक्षर येत नाही, म्हणून मी दोन अटी घातल्या. लिहिलेलं वाचून दाखवायचं, आणि स्वतःच्या पदरचा शहाणपणा घालायचा नाही. पहिल्याच पानावर तिने माझं 'मले' सुधारून 'मला' वाचलं. म्हटलं, माझं सांगणं कर तुझ्या शाळेसारखं, पण कोणी कोणाशी बोललं, मीसुद्धा, तर ते तोंडचं तसंच ठेव.

आज तिने फोनवर तलावांचे फोटो दाखवले. कारंज्याकडच्या टेकड्यांत एकावर एक असे तीन तलाव आहेत. पाठीवर पिशव्या घेऊन तीन दिवस चालत जायचं, असा तिचा आणि तिच्या मैत्रिणींचा बेत. मी चष्मा लावून एकेक फोटो सरकवत होते. मधल्या तलावाची पाळ कोपरासारखी वाकलेली दिसली आणि माझा हातच थांबला.

"हे पाळ म्या बांधली," मी म्हटलं.

"हाव ना आजी. अन् बोर धरणही तूच बांधलं."

"बोर नाई बांधलं. हे बांधली."

खरंच बांधली. बहात्तरच्या दुष्काळात मी सोळा वर्षांची होते. माझं माहेर हेटी, त्याच टेकड्यांच्या पायथ्याशी. अख्खं गाव कामावर. आम्ही तिघी एका टोळीत होतो, मी, धुरपता आणि कौतिका. दीड वर्ष डोक्यावर घमेलं. माझ्या टाळूवर अजून एक सपाट जागा आहे. मयुरीने हात लावून पाहिला आणि मग बराच वेळ फोन बघितला नाही.

९ जानेवारी, गुरुवार

मयुरीच्या मैत्रिणींनी माघार घेतली. एकीचं प्रॅक्टिकल, एकीचा बाप. पोरगी तोंड फुगवून बसली होती. माझ्या तोंडून निघून गेलं, "मह्या मैत्रिणी हायेत ना!"

निघून गेलं आणि मयुरीने लगेच फोन लावला. आजकाल माणसाला बोललेलं परत घ्यायला वेळ मिळत नाही.

कौतिका पिपरी मेघेला मुलाकडे राहते. मुलगा साहेब आहे. ती म्हणाली, मले नवे बूट घेऊन देल्ले पोरानं, त्याचं काही तरी झालं पाहिजे. धुरपता पवनारला असते. मला वाटलं ती नाही म्हणेल. तिचे गुडघे माझ्याहून वाईट. पण तिने एवढंच विचारलं, "वरच्या तलावालेही जाचं काय?"

हो म्हटलं.

"मंग येतो मी. कधी निघाचं?"

फोन ठेवल्यावर मी भाकरी थापायला बसले आणि दोन करपवल्या.

११ जानेवारी, शनिवार

हे सांगू की नको, असं दोन दिवस चाललं होतं. मयुरी म्हणते वहीत खरं लिहायचं असतं. मी म्हटलं, मग लोक वही कुलपात का ठेवतात? तर म्हणे, म्हणूनच.

घे लिही.

माती खणायची तेव्हा खड्ड्याच्या मधोमध मातीचा एक खुंट न खणता तसाच ठेवायचा. जमीन मुळात किती उंच होती ते त्या खुंटावरून कळतं. आठवड्याने मोजणारा साहेब यायचा, खुंटाला टेप लावायचा. खुंट जेवढा उंच तेवढा खड्डा खोल, तेवढी टोळीची रोजी. वरचा तलाव चालला होता तेव्हा खाली मुरूम लागला. कुदळ मारली की ठिणगी निघायची, खड्डा जाईना. मोजणीच्या दिवशी सकाळी मी सगळ्यांच्या आधी गेले, बाजूला वाळल्या गवतासकट मातीचा एक थर होता तो खापराने कापला आणि खुंटावर टोपीसारखा बसवला. वीतभर असेल. ओली माती लावून सांधा बुजवला. आत्ता सांगतानाही वाटतं, काम चांगलं केलं होतं.

साहेबाने टेप लावली आणि टेप लावून तो हसला. खुंट आजूबाजूच्या जमिनीपेक्षाही उंच निघाला! वीतभर नाही, चांगला हातभर. ते कसं, ते मला आजवर कळलं नाही. मोजण्यात मी चुकले असणार. साहेब म्हणाला, ज्यानं केलं त्यानं सांगावं, नाही तर अख्खी टोळी बंद.

आणि धुरपता उभी राहिली.

तिने केलं नव्हतं. मला माहीत होतं, कारण मी केलं होतं. ती आमच्यासाठी उभी राहिली. मी तिच्या बाजूला बसले होते, माझ्या मांडीवर घमेलं होतं. मी घमेल्याकडे बघत राहिले. टोळीची त्या आठवड्याची रोजी बुडाली, तिचं नाव कापलं, तिला घरी पाठवलं. घरात बसलेली पोरगी बापाला जड झाली आणि त्याच उन्हाळ्यात त्याने तिला पवनारच्या बिजवराला देऊन टाकलं. तीस वर्षांची व्हायच्या आधी ती विधवा झाली. दोन पोरं तिने कशी वाढवली ते तिलाच माहीत.

आम्ही लग्नात, मयतीत, धम्मचक्राच्या दिवशी दीक्षाभूमीवर भेटत आलो. ती माझ्याशी नेहमी गोड. माझ्या बाळंतपणाला आठ दिवस राहून गेली. प्रत्येक वेळी मला वाटतं, ही मुद्दाम करते. माझ्या पापावर साखर घालते.

बावन्न वर्षं झाली. आता ती म्हणते वरच्या तलावाला जायचं. तिला कळलं असणार. त्या जागेवर नेऊन विचारणार. त्याआधी मी सांगितलं तर मैत्रीण राहील, असं मयुरीचं म्हणणं. मयुरी वीस वर्षांची आहे.

१७ जानेवारी, शुक्रवार. खालचा तलाव

रुपेशने गाडीने सोडलं. उतरताना दहा सूचना दिल्या, त्यातल्या नऊ मयुरीला. जाताना म्हणाला, "रविवारी दुपारी वरच्या तलावावर गाडी घेऊन येतो. तोवर कोणी पडू नका."

"पडलो त तिथीच पडून राहू," कौतिका म्हणाली. "तू आरामात ये."

कौतिकाचे बूट पांढरे आणि जाड, जसे दोन ससे बांधलेत पायांना. मयुरीच्या पाठीवर एवढी मोठी पिशवी, त्यात म्हणे घर आहे. कापडाचं. मी आपलं गाठोडं काखेत मारलं, पण पन्नास पावलं गेली नाहीत तोच धुरपताने ते ओढून घेतलं.

"दे इकडे वं. तुले बीपी हाय."

"अन् तुले गुडघे नाईत काय?"

"मले आदत हाय."

बघा. असंच बोलते. आदत हाय, म्हणजे कुणामुळे आदत झाली? मी तोंड बंद ठेवून मागे चालले.

खालचा तलाव भरलेला होता. पाळीवर आता सागवान उभं आहे, हातात न मावणारं. पाळीच्या दगडांवर धोबी पक्षी शेपट्या हलवत होते. तिघी उभ्या राहिलो. मला वाटलं होतं काही तरी वाटेल. वाटलं एवढंच, की केवढीशी आहे! त्या वेळी या पाळीचा चढ संपता संपत नव्हता.

मयुरी म्हणाली, "आजी, कसं वाटून राह्यलं?"

"डोकं हलकं वाटून राह्यलं. घमेलं नाई ना."

मग मी ठरवलं, सांगून टाकू. धुरपता पाण्यात पाय सोडून बसली होती. मी बाजूला बसले. म्हटलं, "धुरपते, तुले एक सांगाचं होतं."

तिने इतक्या दचकून माझ्याकडे पाहिलं की मीच घाबरले. म्हणाली, "मलेही सांगाचं हाय. पण इथं नाई. वरती."

झालं. विचारणारच ही. पाठीमागे कौतिका बुटाची नाडी बांधत होती, ती गालात हसत होती. हिला काय झालं हसायला? म्हातारपणी माणूस कशालाही हसतं.

मुक्काम जंगलू कुमऱ्यांच्या अंगणात. गोंड माणूस, तलावात मासे धरतो. त्यांच्या घरात आपसात गोंडी चालते, आमच्याशी मराठी. त्यांची बायको मला सुपारी देत म्हणाली, तुमी ह्या तलावाच्या कामावर होत्या, तवा माही सासूही होती. नाव सांगितलं. आम्हा तिघींनाही आठवेना. तीनशे बायका होत्या. तरी कौतिकाने सांगितलं, हो हो, लय जोर होता तिच्या अंगात. सून खूश झाली. कौतिका खोटं बोलताना पापणी हलवत नाही, हे मी आज पुन्हा पाहिलं.

१८ जानेवारी, शनिवार. वरचा तलाव

आज खूप झालं, म्हणून मयुरीचा हात दुखेपर्यंत लिहिणार.

सकाळी मधला तलाव. वाकडी पाळ. ती वाकडी का, ते मयुरीला आम्ही तिघींनी तीन तऱ्हेने सांगितलं. मी म्हटलं मध्ये खडक लागला. धुरपता म्हणाली पाटलाची बाभळीची रांग वाचवायला. कौतिका म्हणाली, दोरी धरणारा ओव्हरसियर दोन्ही डोळ्यांनी दोन दिशांना पाहायचा. मयुरीने तिसरं लिहून घेतलं.

मग चढ. माझा श्वास फुलला. मी कुणाला कळू दिलं नाही. नशीब, धुरपताच दर थोड्या वेळाने "थांबा वं, माह्या पायात गोळा आला" म्हणून बसायची. म्हातारी झाली बिचारी. मी म्हटलं, बस तू आरामात, मी थांबते. दोन गाठोडी डोक्यावर घेऊन चढत होती ती, पायात गोळा येणारच. मला मात्र चांगला दम खायला मिळाला.

दुपार टळताना वर पोचलो. वरचा तलाव लहान आहे, ताटाएवढा, तिन्ही बाजूंनी डोंगर, पाणी काळं आणि स्वच्छ. पाळीच्या पलीकडे आम्ही माती काढली ते खड्डे अजून दिसतात, गवताने भरलेले. धुरपता सरळ तिकडे गेली. एका खड्ड्याच्या काठावर उभी राहिली. तो आमचा होता की नाही, कोण सांगणार. पण ती उभी राहिली म्हणून तो आमचा.

मी मयुरीला म्हटलं, तू तुझं घर उभं कर. ती काठ्या घेऊन लांब गेली, पण कान इकडे. ते मला माहीत आहे, कारण आत्ता मी चुकले की ती दुरुस्त करते.

मी म्हटलं, "मी अगुदर सांगतो."

"नाई, मी," धुरपता म्हणाली.

"धुरपते, थो खुंट..."

ती गर्रकन वळली. "तुले माहीत होतं?"

"मले नाई त कोणाले माहीत राहीन? म्याच ठेवलती ना टोपी!"

 मी सगळं सांगून टाकलं. खापर, गवत, ओली माती. घमेल्याकडे बघत बसले तेही. बावन्न वर्षांचं सांगायला तेवढाच वेळ लागला, जेवढा एक घमेलं भरायला लागतो. 

धुरपता म्हणाली, "अवं पण टोपी त म्या ठेवलती."

"तू?"

"म्या. पहाटे. वीतभर. बाभळीखालची काळी माती आणलती ओच्यात."

"म्या ठेवली तवा खुंट नागडाच होता!"

"नागडा नसन पंचे. म्या ठेवलेलीवर तू ठेवली."

 खुंट हातभर उंच का निघाला, ते मला बावन्न वर्षांनी कळलं. आणि ती का उभी राहिली, तेही. ती आमच्यासाठी उभी नव्हती राहिली. तिने केलं होतं म्हणून उभी राहिली. एवढी वर्षं ती समजत होती की तिच्या एका वितेपायी सगळ्या टोळीची आठवड्याची मेहनत बुडाली, माझ्या घरी त्या आठवड्यात चूल पेटली नाही. माझ्या बाळंतपणाला आली ती त्यासाठी. मी साखर समजत होते ती परतफेड होती.

पाठीमागे कौतिका तुरीच्या शेंगा सोलून खात होती. तोंडात दाणे घेऊन म्हणाली, "झालं एकदाचं."

"काय झालं?"

"म्या दोघीलेही पाहिलतं. मी झुडपामागं बसलती, सकाळी जाते ना माणूस, तशी. अगुदर हे आली, मंग थे आली. मले वाटलं ठरवून करून राह्यल्या."

"अन् बावन्न वर्षं तू बोलली काऊन नाई?"

"मले कोणी इचारलं काय?"

तिला तिच्या सशांसकट पाण्यात ढकलायचं मनात आलं. पण धुरपताला हसू फुटलं. ती हसायला लागली की तिच्या नाकातून आवाज येतो, सोळाव्या वर्षीही यायचा. मग मी. मग कौतिका, तिला ठसका लागला, मयुरी काठ्या टाकून पाणी घेऊन धावली. चार बायका डोंगरावर बसून डोळे पुसत होतो, समोर तलाव. बदकंही उडून गेली.

मला वाटलं, संपलं. एवढ्यावर मोकळी झाले.

हसणं थांबल्यावर धुरपता परत खड्ड्याकडे बघायला लागली. गवताच्या काड्या तोडत राहिली. मी म्हटलं, "आता काय?"

"काही नाई."

"सांग."

"टोपीचं काही नाई वं. तू उभी राह्यली असती त तुलेही काढलं असतं, मले काय फायदा होता?" मग म्हणाली, "पण आपण दोघी घरी गेलो असतो. मी एकटी गेलती पंचे. इथून हेटीपर्यंत. लोक कामावर होते, रस्त्यानं कुत्रं नव्हतं. मी घडीघडी मागं पाहात गेलती. मले वाटे तू येशीन."

  बावन्न वर्षं मी चुकीच्या गोष्टीचं ओझं वाहिलं. टोपीचं वाहिलं. हे तर मला माहीतच नव्हतं.

मयुरी विचारते, आजी, तेव्हा तू मागे का नाही गेलीस? मी त्या दिवशी संध्याकाळपर्यंत माती वाहिली, म्हणून. बस, एवढंच लिही.

१९ जानेवारी, रविवार. हेटी

रुपेश म्हटल्याप्रमाणे दुपारी गाडी घेऊन आला. कौतिका सगळ्यांच्या आधी पुढच्या सीटवर बसली, बूट काढून मांडीवर घेतले. मी धुरपताचा हात धरला आणि रुपेशला म्हटलं, "तू ह्या दोघीले घेऊन हेटीले जा. आमी पायी येतो."

"आई, सहा किलोमीटर हाय! तुले बीपी हाय, काकूचे गुडघे..."

"म्हणूनच दोघी चाललो. एकीले बीपी, एकीले गुडघे. मिळून एक धड बाई होते."

तो धुरपताकडे बघायला लागला की ही तरी समजावेल. ती पदर खोचत होती.

मयुरी म्हणाली मीही येते. मी नाही म्हटलं. ती समजली. रुपेश नाही समजला, पण गाडी त्याने इतकी हळू चालवली की बराच वेळ पुढच्या वळणावर दिसत होती. शेवटी धुरपताने दगड उचलून दाखवला, तेव्हा गेली.

आज गाठोडी मी घेतली, दोन्ही. तिने दोनदा हात पुढे केला. तिसऱ्यांदा नाही केला.

रस्त्यात आम्ही काय बोललो, असं मयुरी विचारते. फार नाही. संत्र्याचे बगीचे लागले, तिथे पूर्वी पडीक होतं. नाला लागला, त्याच्यावर आता पूल आहे. तिने दाखवलं, इथं मी बसलती. आम्ही तिथे बसलो. तिने दाखवलं, इथं तहान लागलती अन् पाणी नव्हतं. मी बाटली काढली, ती प्याली. तिने जिथे जिथे सांगितलं तिथे थांबलो. उतारावर एकदा मी तिचा दंड घट्ट धरला, आणि या वेळी कोण कोणासाठी थांबतंय याचा मी हिशोब केला नाही. मागे एकदाही तिने पाहिलं नाही. मी बाजूलाच होते.

ऊन कलताना हेटीत शिरलो. वेशीवर हापशीला एक तरणी बाई पाणी भरत होती. आम्हाला कोण ओळखणार? आमची घरं पडली, भाऊ वर्ध्याला गेले. तिने दोन घामेजलेल्या बुड्या पाहिल्या, एकीच्या डोक्यावर गाठोडी, आणि हापसणं थांबवलं.

"कुठून येऊन राह्यल्या बाई पायी पायी?"

"तलावाच्या कामावरून," धुरपता म्हणाली.

"काम? आता कोणतं काम सुरू हाय वरती?"

"नाई सुरू," धुरपता म्हणाली. "काढून टाकलं. दोघीलेही."